दाढीचा हिशोब: ब्लेड परवडतं की कार्ट्रिज?

मागच्या अंकात महिन्याच्या बारीकसारीक खर्चांवर लिहिलं होतं, त्यात एका ओळीत म्हटलं होतं की जुन्या पद्धतीचा ब्लेडवाला रेझर कार्ट्रिजपेक्षा, म्हणजे दांडीला अडकवायच्या तयार पात्यांच्या डोक्यापेक्षा, स्वस्त पडतो. त्या एका ओळीवर एवढी पत्रं आलीत की या वेळचं सदर पूर्ण त्यालाच देतोय. पत्रं लांब आहेत, मुद्द्यापुरती छापतोय.

प्रश्न (मालवण): मी पतसंस्थेत काम करतो, आठवड्यातून पाच दिवस दाढी करावीच लागते. तीन पात्यांचं कार्ट्रिज वापरतो, चारचं पाकीट आमच्याकडे ५६० ला मिळतं, एक कार्ट्रिज अडीच आठवडे चालतं, मग केस ओढायला लागतं. घरात आजोबा रोज म्हणतात, "ब्लेडान कर रे, पैसे तरी वाचतले." पण ऑनलाइन बघितलं तर तसले रेझर दीड हजारापासून सात हजारांपर्यंत आहेत, मग वाचतं कुठे? खरंच फरक पडतो की नुसता शौक आहे?

उत्तर: आजोबांचं बरोबर आहे, पण किती बरोबर ते तुम्ही काय काय विकत घेता त्यावर ठरणार. पाकिटाची किंमत बाजूला ठेवा आणि एका दाढीला किती पडतात ते काढा, तरच हे कळतं. तुमचं एक कार्ट्रिज १४० रुपयांना पडलं, ते बारा-तेरा दाढ्या चालतं, म्हणजे एका दाढीला अकरा रुपये आणि वर थोडे. वर्षाला धरा अडीचशे दाढ्या, तर वीस कार्ट्रिज, २८०० रुपये. (श्रावणात दाढी करत नसाल तर महिनाभराची वजा करा.) आता ब्लेड. दोन धारांचं साधं स्टेनलेस ब्लेड दोन रुपयांपासून सहा-सात रुपयांपर्यंत मिळतं, आपण चार रुपयांचं धरू आणि एका ब्लेडमध्ये चारच दाढ्या धरू, जाड केसवाल्यालासुद्धा तेवढ्या होतात. एका दाढीला एक रुपया झाला, वर्षाला अडीचशे. फरक अडीच हजारांच्या वर गेला, आणि हा दरवर्षीचा आहे.

आता रेझर. दीड हजाराचा घेतलात तर सात महिन्यांत वसूल होतो. बाजारपेठेतल्या जनरल स्टोअरमध्ये दीडशे-तीनशेला साधा तीन तुकड्यांचा किंवा दांडी फिरवली की वरची दोन दारं उघडतात तसला मिळतो, तो तर दीड-दोन महिन्यांतच वसूल. सात हजाराचा जर्मन रेझर वसूल व्हायला पावणेतीन वर्षं लागतील. त्या पावणेतीन वर्षांत तुम्ही दुसरा रेझर, तीन प्रकारचे ब्रश, चार परदेशी साबण, लाकडी स्टँड असं काही घेतलं नाही तरच, आणि माणसं घेतात. आवडीने घ्या, छान असतात त्या वस्तू, पण त्याला बचत म्हणू नका, तो वेगळा खर्च आहे आणि वेगळाच लिहा.

फोमचा डबाही या हिशोबात मिसळू नका. ब्रशने फेस काढला की बोटाच्या पेराएवढं क्रीम पुरतं आणि ट्यूब डब्यापेक्षा खूप दिवस जाते, हे खरं आहे. पण ब्रश आणि क्रीम कार्ट्रिजबरोबरसुद्धा वापरता येतंच ना. ती बचत ब्रशची आहे, रेझरची नाही. नवा रेझर घ्यायचा विचार पुढेमागे करा, ब्रश मात्र आजच आणा.

मधला एक रस्ता आहे तो कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. जिलेटने २०१० साली खास भारतासाठी गार्ड नावाचा रेझर काढला, एकच पातं, तेव्हा रेझर १५ रुपये आणि कार्ट्रिज ५ रुपये. नळ नाही, समोर तांब्यात नाहीतर वाटीत थोडंसं पाणी, जमिनीवर बसून दाढी करणारी आपल्याकडची माणसं बघून तो बनवला होता, त्यामुळे थोड्या पाण्यात लगेच धुऊन निघतो, साबण-केस अडकत नाहीत. आता किंमत वाढलीय, तरी असल्या एकपाती कार्ट्रिजचे बारा रुपये आणि सहा दाढ्या धरल्या तर एका दाढीला दोन रुपये, वर्षाला पाचशे. म्हणजे ब्लेडपेक्षा अडीचशेच जास्त, आणि नवीन काही शिकायचं नाही. फक्त पैसेच वाचवायचे असतील तर उद्यापासून हे करता येतं. ब्लेडवाला रेझर पैशाबरोबरच नितळ दाढी होते आणि त्वचा कमी जळते म्हणून घ्यावा, माझं मत तरी तसं आहे.

कार्ट्रिज एवढं महाग का, हेही तुम्ही पत्रात पुढे विचारलंय. त्यात पोलाद फार नसतं, महागाई पेटंटची आणि खाचेची आहे, म्हणजे कार्ट्रिज दांडीला अडकतं त्या जागेची. जिलेट कंपनी काढणाऱ्या किंग जिलेट या माणसाने फेकून द्यायच्या ब्लेडचा रेझर १९०३ ला विकायला काढला, पहिल्या वर्षी ५१ रेझर आणि १६८ ब्लेडं खपली, १९०४ ला अमेरिकेत पेटंट मिळालं. सगळीकडे सांगतात की त्याने रेझर जवळपास फुकट वाटले आणि ब्लेडवर कमावलं. तसं झालेलं नाही, सुरुवातीला रेझर ५ डॉलरला होता आणि तेव्हा ती मोठी रक्कम होती. १९२१ च्या सुमाराला पेटंट संपलं आणि मग कुणीही त्याच मापाचं ब्लेड बनवायला मोकळा झाला. आज टोपाझ घ्या, सेव्हन ओ'क्लॉक घ्या, सुपरमॅक्स घ्या, कुठलंही ब्लेड कुठल्याही रेझरला बसतं, आणि म्हणून त्याचा भाव कुणा एकाच्या हातात नाही. कार्ट्रिजचं उलट आहे. १९७१ ला दोन पात्यांचं आलं, १९९८ ला तीन, २००६ ला पाच, आणि प्रत्येक वेळी खाच वेगळी, पेटंट नवीन. एकदा दांडी घेतली की त्याच कंपनीचं कार्ट्रिज घ्यावं लागतं, ती सांगेल त्या भावाने. मला या सगळ्यात खटकतं ते हेच.

सुरुवात कशी करायची तेवढं सांगतो, कारण पहिल्या आठवड्यात कापून घेऊन रेझर कपाटात टाकणारे खूप आहेत आणि मग दीड हजार पाण्यात. ब्लेड बसवताना त्याच्या धार नसलेल्या आखूड कडा चिमटीत धरा. रेझर तीन तुकड्यांचा असेल तर वरची टोपी उलटी करून तळव्यावर ठेवा, तिच्या खुंट्यांवर ब्लेड, त्यावर खालची पट्टी, मग दांडी आवळा. आवळल्यावर ब्लेड थोडं वाकतं, तसंच हवं. आता उजेडात समोरून बघा, दोन्ही बाजूंनी धार सारखीच बाहेर दिसली पाहिजे, एका बाजूला जास्त दिसत असेल तर खोलून परत बसवा, नाहीतर ती बाजू नक्की कापणार. गरम पाण्याने दोन-तीन मिनिटं दाढी भिजवा, भिजलेला केस मऊ होतो आणि सहज कापला जातो. टोपीची कड गालाला टेकवा, दांडी हळूहळू खाली आणा, केस कापल्याचा बारीक कुरकुर आवाज आला की तोच कोन. आणि जोर लावू नका, नारळ सोलायचा नाहीये, रेझरचं वजन पुरेसं असतं. पहिला महिना सुलटाच हात फिरवा, उलटा नको. गळ्याकडे केस कुठल्या दिशेने वाढतात ते बोटाने चाचपून बघा, बहुतेकांचे तिथे आडवे असतात.

ब्लेड एकदम शंभराचं पाकीट घेऊ नका. चार-पाच कंपन्यांची पाच-पाच आणा, एकाला मऊ लागतं ते दुसऱ्याला ओढतं, ते कळलं की मग मोठं पाकीट.

प्रश्न (गुहागर तालुका, सध्या मुंबईत): गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात गावी येतो. एक रेझर गावच्या घरी न्हाणीघरातच ठेवलेला असतो, दर वेळी बघावं तर ब्लेड गंजलेलं, रेझरवर हिरवट डाग, आणि या वर्षी तर वरचा चकचकीत थर पापुद्र्यासारखा सुटला. वडील सांगतात त्यांच्या वेळी ब्लेड काचेच्या ग्लासात घासून महिनाभर वापरायचे. आमचीच ब्लेडं का टिकत नाहीत? सतत नवीन घ्यायचं म्हणजे बचत कसली?

उत्तर: किनाऱ्यावरच्या सगळ्यांसाठी हा प्रश्न महत्त्वाचा आहे, पुण्यात बसून लिहिलेल्या सल्ल्यांत हे येत नाही. आपल्याकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, बाकी वर्षभर खारा वारा, आणि न्हाणीघर तर कधी सुकतच नाही. विहिरीला मचूळ पाणी असेल तर आणखीनच वाईट. मीठ आणि ओल एकत्र आली की स्टेनलेससुद्धा डागाळतं, साधं कार्बन पोलादाचं ब्लेड तर रात्रीत तांबडं होतं.

तुमच्या तीन तक्रारींची कारणं वेगवेगळी आहेत. ब्लेड गंजलं कारण ते ओलंच आत आवळून ठेवलं होतं, पातळ फटीत पाणी महिनोन्महिने राहतं. हिरवट डाग म्हणजे आतलं पितळ उघडं पडून कळंक चढलाय. त्याला काही झालेलं नाही, भांड्याचा साबण आणि जुना टूथब्रश घेऊन घासा, गरज पडली तर पाणी घातलेल्या व्हिनेगरमध्ये थोडा वेळ बुडवून लगेच धुवा. पापुद्रा मात्र बरा होत नाही. स्वस्त आणि मधल्या किमतीच्या बऱ्याच रेझरचं डोकं जस्ताच्या मिश्रधातूचं ओतीव असतं, वर फक्त मुलामा. तो एकदा फुटला की आतला धातू खड्ड्याखड्ड्यांनी खाल्ला जातो आणि धारेजवळची कड खडबडीत होते. डोक्याला असं झालेलं असेल तर तो रेझर टाकून द्या, चेहऱ्याला लावू नका. दुसरा घेताना गावच्या घरासाठी पितळेचा नाहीतर पूर्ण स्टेनलेसचा घ्या. मालवणच्या वाचकांना स्वस्त घ्या म्हटलं आणि तुम्हाला महाग सांगतोय, कारण तुमचा रेझर वर्षातले दहा-अकरा महिने नुसता ओलीत पडून असणार.

रोजची काळजी एवढीच. दाढी झाली की रेझर खोला, तुकडे धुवा, ब्लेड झटका, त्याची धार टॉवेलने पुसू नका, टॉवेल आणि बोट दोन्ही फाटतं आणि धारही जाते. सगळं न्हाणीघराच्या बाहेर, वारा लागतो अशा खिडकीत सुकू द्या. मुंबईला निघताना ब्लेड काढून टाका, चार रुपयांचं आहे, रेझरला शिलाई मशीनच्या तेलाचं बोट फिरवा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात घालून कपाटात ठेवा.

वडील म्हणतात ते खरंच करायचे लोक. ब्लेड ग्लासाच्या आतल्या बाजूला आडवं धरून बोटाने पुढेमागे घासायचं, गोल काचेमुळे दोन्ही कडा बरोबर लागायच्या. तेव्हाची ब्लेडं कार्बन पोलादाची होती. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला विल्किन्सन सोर्डची स्टेनलेस ब्लेडं बाजारात आली आणि मग बाकीच्या कंपन्यांनाही तिकडेच वळावं लागलं. आताच्या ब्लेडच्या धारेवर अगदी पातळ लेप असतो, त्यामुळे ते घसरतं, काचेवर घासलं की पहिला तोच जातो. त्यातून वाचणार दोन रुपये. नका करू.

आणि धार जाते ती फक्त गंजाने नाही. अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी २०२० साली सूक्ष्मदर्शकाखाली केस कापताना बघितलं, केस पोलादापेक्षा जवळपास पन्नास पट मऊ, तरी धारेचे बारीक टवके उडतात, कारण पोलाद आतून सगळीकडे सारखं नसतं आणि केस वाकून कोनात दाबतो तिथे ते फुटतं. म्हणून सुकं ठेवलेलं ब्लेडसुद्धा पाच-सहा दाढ्यांनंतर बदलायचंच. पण केस नीट भिजवून घेतले तर धारेला त्रास कमी, हे दोन्हीकडे लागू आहे, कार्ट्रिजलाही.

प्रश्न (वेंगुर्ला): मुलगा सतरा वर्षांचा आहे, दाढी-मिशी फुटलीय, तोंडावर पिंपल्स पण आहेत. पाच पात्यांचा महागातला रेझर मागतोय, त्याचे बाबा म्हणतात आमच्यासारखं ब्लेडने शिक. मी काय घेऊ?

उत्तर: ताई, पाच पात्यांचा नकोच. जास्त पात्यांत पहिलं पातं केस ओढून धरतं आणि मागचं तो त्वचेच्या खाली कापतं, मग वाढताना तो आतच वळतो आणि केसतूड होतं. कुरळ्या केसांना हे जास्त होतं, आणि आपल्या घामट हवेत त्यात पू व्हायला वेळ लागत नाही. त्यामुळे एकच पातं, त्याच्या बाबांची दिशा बरोबर आहे. फक्त पिंपल्स असलेल्या गालावर पहिल्याच दिवशी उघडं ब्लेड देऊ नका, पहिल्या उत्तरात सांगितलेलं एकपाती स्वस्त कार्ट्रिज सहा महिने वापरू दे, हात बसला की मग ब्लेड. रोज करायची गरज नाही, त्या वयात आठवड्यातून एकदा पुष्कळ. पिकलेल्या पुटकुळीवरून रेझर न्यायचाच नाही, भोवतीने जायचं. नंतर गार पाणी. तुरटी फिरवली तरी चालेल, पण चोळत बसायचं नाही, कोरडं पडतं. पिंपल्स मोठे, दुखरे असतील तर डॉक्टरांना आधी दाखवा, दाढी नंतर करता येईल. आणि रेझर त्याचा त्याचा वेगळा, बाबांचा नाही.

प्रश्न (श्रीवर्धन): वडील बहात्तर वर्षांचे, डायबेटिस आहे, रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे, हात थोडा थरथरतो. आयुष्यभर ब्लेडनेच दाढी केली, आता दर दोन दिवसांनी कुठेतरी कापलेलं असतं. कार्ट्रिज आणलं तर म्हणतात एवढे पैसे कशाला.

उत्तर: त्यांच्यासाठी कार्ट्रिजच घ्या आणि खर्चाचं गणित त्यांच्यासमोर मांडूच नका. वरचं सगळं माझं लिहिणं स्थिर हाताच्या माणसासाठी आहे. डायबेटिसमध्ये जखम भरायला वेळ लागतो, त्या गोळीमुळे रक्त लवकर थांबत नाही, आणि थरथरत्या हातात उघडी धार हा रोजचा धोका आहे. त्यांनी आठवड्यातून तीनदा केली तर महागडं कार्ट्रिजसुद्धा महिनाभर जाईल, दीडशेच्या आत काम होतं. बॅटरीवरचा ट्रिमर त्याहून सुरक्षित, खुंट राहतात थोडे, पण कापत नाही. त्यांना स्वतःच्या हाताने करायचं असेल तर करू द्या, खुर्चीवर बसवून, चांगल्या उजेडात. रेझर काढून घेतला तर त्यांना ते कापण्यापेक्षा जास्त लागेल.

प्रश्न (अलिबाग): आठवड्यातून एकदाच दाढी करतो, सलूनमध्ये ६० रुपये घेतात. घरी करून फार वाचेल का?

उत्तर: वर्षाचे ३१२० होतात, घरी ब्लेडने शंभराच्या आत होतील, साबण धरून थोडे जास्त. वाचतात नक्कीच. पण तुम्हाला ती आठवड्याची बैठक, मान मोडून घेणं, पेपर, गावच्या गप्पा आवडत असतील तर ते साठ रुपये नुसत्या दाढीचे नाहीत, आणि गावातला सलूनवाला टिकायलाही पाहिजे. एका गोष्टीवर मात्र अडून राहा. तो वस्तऱ्यात अर्धं ब्लेड घालतो, ते तुमच्यासमोर नवीन पाकिटातून काढून मोडलेलं असलं पाहिजे. वापरलेल्या ब्लेडमधून कावीळ ब आणि क पसरू शकते, एचआयव्हीचाही धोका असतो. विचारायला लाजू नका, चांगला कारागीर न विचारता दाखवतो.

प्रश्न (देवगड): वापरलेली ब्लेडं टाकायची कुठे? आणि विमानाने जाताना काय करायचं?

उत्तर: विमानाचं आधी. विमानतळ चिपीचा असो, मोपाचा असो, हातातल्या बॅगेत सुटं ब्लेड किंवा ब्लेड लावलेला रेझर चालत नाही, चेक-इनच्या सामानात टाका. नुसतीच हातातली बॅग असेल तर रिकामा रेझर घ्या आणि ब्लेड पोचल्यावर तिकडच्या दुकानात, पण तपासणीवाल्याने रिकाम्यालाही अडवलं तर वाद घालण्यात अर्थ नाही, कार्ट्रिज सोपं पडतं. कोकण रेल्वेला असली काही अडचण नाही.

ब्लेड कचऱ्याच्या पिशवीत सुटं टाकू नका, कागदात गुंडाळूनसुद्धा नाही, ओला झाला की कागद फाटतो. माडाच्या बुंध्याशी, परसात पुरणं तर अजिबात नको, तिथे अनवाणी माणसं फिरतात, गुरं फिरतात. रिकामा पत्र्याचा पावडरचा डबा घ्या, झाकणाला ब्लेड जाईल एवढी चीर पाडा, झाकण चिकटपट्टीने पक्कं करा आणि वापरलेलं ब्लेड आत सोडत जा. ब्लेड एक दशांश मिलिमीटर जाडीचं असतं, एका डब्यात वर्षानुवर्षांची मावतात. भरला की चिरेवरही चिकटपट्टी लावा, वर मोठ्या अक्षरात 'ब्लेड' लिहा आणि भंगारवाल्याला विचारा, निव्वळ पोलाद असल्यामुळे काही जण घेतात. तो नाही म्हणाला तर ग्रामपंचायतीच्या नाहीतर नगरपंचायतीच्या गाडीवर वेगळा हातात द्या, आत काय आहे ते तोंडाने सांगून. कचरा निवडायला बसणाऱ्या बायकांच्या हातात बऱ्याचदा मोजेसुद्धा नसतात.